पाणी सांडंल, थांबा

आमच्या सासूबाई दिवसातून किती वेळा बसल्या जागेवरून उठतात, हे मी एकदा मोजलं होतं. लग्न होऊन पेडगावला आले त्याला वर्षही झालं नव्हतं, आणि रागात असलं की माणूस काहीही मोजत बसतं. सकाळी चहाची बशी तोंडाला लावल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत सदतीस वेळा. त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा मामांच्या हाकेनं, सात-आठ वेळा म्हशीमुळं, आणि उरलेल्या वेळा माझ्यामुळं. आमच्याकडं सासूला मामी म्हणतात आणि सासऱ्याला मामा. पुढंही मी तसंच लिहिते.

राग यायचा तो त्यांच्या या उठण्याचाच. समोरचं माणूस सारखं उठायला लागलं की आपल्यालाही धड बसवत नाही. घास तोंडात आणि नजर दाराकडं, असं जेवण कुणाच्या अंगी लागणार?

मामींचं नाव बायनाबाई. वय पन्नाशीच्या अलीकडं-पलीकडं. नक्की त्यांनाही माहीत नव्हतं. बारीक अंगाच्या, काटक, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मांडी घालून बसलेल्या त्या मला कधी दिसल्याच नाहीत. एक गुडघा वर, एक पाय उठायच्या तयारीत. चौथीच्या परीक्षेचा एक पेपर राहिला होता तेव्हा त्यांचं लग्न लावलं. मानवतला तंबूतला सिनेमा बघायला गेल्या, तर मध्यांतरातच गडी बोलवायला आला, म्हैस अडली म्हणून. "त्या दोघायचं मंग काय झालं कुनास ठावं," असं त्या वीस वर्षांनंतर मला सांगायच्या, आणि सांगता सांगताच उठायच्या.

माझे मालक बन्सीधर. आता नाव घ्यायला काही वाटत नाही, तेव्हा जीभ अडखळायची. ते परभणीला स्टेशन रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला होते. त्र्याण्णवच्या दिवाळीआधी क्लासच्या कामाला औरंगाबादला गेले आणि शहागंजातून स्वतःच्या हौसेसाठी टीव्ही गेम घेऊन आले. राखाडी डबा, त्याला वायरीनं जोडलेली दोन हँडलं आणि वरच्या खाचेत खोचायची एक पिवळी कॅसेट. आमच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीला तो डबा जोडला आणि सगळं घर गोळा झालं.

खेळ असा होता. एक बुटका माणूस, खांद्यावर कावड, कावडीला दोन भरलेल्या घागरी. त्यानं डोंगराच्या पायऱ्या चढायच्या. वरून पाखरं झडप घालायची, माकडं दगड मारायची, मधेच पायरी ढासळायची. घाई केली की घागरी डुचमळायच्या आणि पाणी सांडायचं. घागरी रिकाम्या झाल्या की एक जीव गेला. असे तीन जीव आणि नऊ टप्पे. दर टप्प्याच्या शेवटी अख्खा डोंगर दिसायचा आणि त्याच्या माथ्यावर एक बंद दार. त्या दारामागं काय आहे हे बन्सीधरना माहीत नव्हतं, कारण त्यांची मजल चौथ्या टप्प्यापर्यंतच गेली होती.

मामी दारात उभ्या राहून बघत होत्या. बन्सीधरनी तिसऱ्यांदा पाणी सांडलं तेव्हा त्यांना राहवेना.

"आरं, आसं चालतेत का पानी घेऊन? कंबर हालवू नको. निसते पाय हालीव."

"माय, ह्याला कंबर न्हाई, बटनं हायेत."

"आन इकडं."

त्यांनी हँडल घेतलं. पहिल्या दिवशी दोन टप्पे. आठवड्याभरात बन्सीधरच्या पुढं गेल्या. लहानपणी ताडकळसला त्यांनी पाणी वाहिलं होतं, डोक्यावर दोन आणि कडेवर एक, त्यामुळं कुठं पाय आवरायचा आणि कुठं उचलायचा हे त्यांच्या अंगातच होतं. पण मला आश्चर्य वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. हँडल हातात आलं की मामी मांडी घालून बसायच्या. पाठ ताठ, दोन्ही गुडघे जमिनीला टेकलेले. घरातली ही बाई मला तोवर माहीतच नव्हती.

खोटं कशाला बोलू, मला सोसलं नाही. सासू टीव्हीपुढं आणि सून चुलीपुढं, हे कुठल्या घरात चालतं? मी भाकरी थापता थापता भांडी आपटायची. मुद्दाम हाका मारायची. मामी डाळीचा डबा कुठंय, मामी दूध उतू जायलंय. आणि मामींना एक उत्तर सापडलं होतं. पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणायच्या, "पानी सांडंल, थांबा."

नवल म्हणजे लोक थांबायचे. पाण्याचं नाव काढलं की आमच्या घरात सगळ्यांचाच हात आवरतो. मामासुद्धा दोन मिनिटं गप्प बसायचे. दोनच मिनिटं, पण मामींना तेवढंही आजवर कुणी दिलं नव्हतं. नंतर पुन्हा हाक यायचीच, आणि त्या उठायच्याच. त्यात लाईटीचा भरवसा नाही. लाईट गेली की सगळं पुसलं जायचं आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. नऊ टप्पे चढायला सव्वा तास लागणार, असा त्यांचा अंदाज होता. आमच्या घरात मामींच्या वाट्याला सलग सव्वा तास? मला तर हसूच यायचं.

डिसेंबरात एका दुपारी त्या आठव्या टप्प्यापर्यंत गेल्या. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, साखरेच्या डब्याची किल्ली पाहिजे म्हणून. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात. हँडलवर मधोमध एक बटन होतं, ते दाबलं की खेळ जागच्या जागी थांबायचा. मामींनी ते दाबलं आणि उठून आल्या. नेमके त्याच वेळी मामा शेतातून आले.

विहिरीतलं पाणी तळाला गेलं आणि मोटार तशीच फिरत राहिली, तर ती कोरडी चालली म्हणतात. कोरडी चाललेली मोटार जळते. मामांच्या दोन जळालेल्या होत्या, आणि तो चटका त्यांच्या मनातून गेला नव्हता. त्यांनी बघितलं तर टीव्ही चालू, डब्यावरचा लाल दिवा चालू, पण चित्रातला माणूस एक पाय उचलून थिजलेला. घागरीतलं पाणी हलेना आणि आवाजही बंद. त्यांनी डब्यावर हात ठेवला. डबा कोमट लागला. त्यांनी भिंतीतली पिन उपटली.

मामी परत आल्या तेव्हा मामा मोठ्या अभिमानानं सांगत होते, "कोरडी चालायलती. म्या बंद केली, न्हाईतर जळाली आसती. चालू मशीन आसं सोडून जातेत का?"

मामी मागं वळल्या. गोठ्यात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत म्हणून मी बघायला गेले, तर म्हशीच्या पाठीला हात लावून उभ्या होत्या आणि रडत होत्या. मला वाटलं म्हशीलाच काही झालं.

"आठव्याच्या शेवटच्या चार पायऱ्या व्हत्या, कुसुम," त्या म्हणाल्या. "चारच."

माझ्या हातात साखरेची किल्ली होती. साखर नसती तर घरात गूळ होता. चहा अर्ध्या तासानं झाला असता तरी कुणी मेलं नसतं. हे सगळं मला तेव्हा कळलं.

हा प्रकार कानावर गेल्यावर बन्सीधरनी नवीनच काढलं. क्लासचे मालक दिनकरराव नवीन कॉम्प्युटर घेणार होते. जुना एक होता, हिरव्या अक्षरांचा, तो ते बन्सीधरना द्यायला तयार होते. त्यांच्या नातवंडांनी टीव्ही गेमचा हट्ट धरला होता, म्हणून बदल्यात टीव्ही गेम द्यायचा आणि वरचं काय ते बन्सीधर पगारातून फेडणार.

"माय, त्याच्यावर बी गेम हायेत," बन्सीधर म्हणाले. "आन मेन गोष्ट म्हंजे, त्याच्यावर गेम सेव्ह करता येतो. लाईट जाऊ दे, न्हाईतर बाबा पिन काढू दे. जिथं सोडलं तिथूनच पुढं."

"पुसलं जात न्हाई?"

"अजिबात न्हाई. तू एकदा बघ तर."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते आम्हा दोघींना परभणीला घेऊन गेले. क्लासमध्ये शिरताना चपला बाहेर काढायच्या, धूळ चालत नाही म्हणून. मामींना हे फार पटलं. त्यांनी उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. तिथं टायपिंग करणाऱ्या दोन पोरी तोंड दाबून हसल्या, आणि मी त्यांच्याकडं असं काही बघितलं की पुन्हा हसल्या नाहीत. आत पडदे, गारवा, आणि कोपऱ्यात घुंघुं करणारी बॅटरी. लाईट गेली तरी ती कॉम्प्युटर चालू ठेवते, असं दिनकररावांनी समजावलं.

खेळ भुयारातला होता. हिरव्या रेघांचं भुयार, त्यात हिरवा माणूस. बाणांची बटनं दाबली की तो चालायचा. मामींनी पाव तासात बटनं ओळखीची करून घेतली आणि दोन वळणं पार केली. मग बन्सीधर म्हणाले, "आता थांब. आता ठिवून दाखवतो." पडद्यावर नाव मागितलं.

"कुणाच्या नावानं ठिवू, माय?"

"तुझ्या बापाच्या नावानं ठिव. सातबारा बी त्येंच्याच नावावर हाय."

सगळे हसले. बन्सीधरनी नाव घातलं आणि कॉम्प्युटर बंदच करून टाकला. मामींचा हात आपोआप पुढं गेला, अडवायला. "आता ऊठ," बन्सीधर म्हणाले. "खिडकीपोतर जाऊन ये." मामी उठल्या, खिडकीशी गेल्या, खालचा रस्ता बघितला, परत आल्या. बन्सीधरनी पुन्हा मशीन चालू केलं, फ्लॉपीची चकती आत सरकवली, आणि हिरवा माणूस त्याच वळणावर उभा होता.

"बाईमाणसासाठी तर हेच बरंय," दिनकरराव म्हणाले. "कधीबी उठा, कधीबी बसा. घरचं समदं सांभाळून खेळता येतंय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मामींनी तेवढी डोलावली नाही.

स्टँडवर गाडीची वाट बघताना त्या बाकावरून तीनदा उठल्या, तीनदा बसल्या. गाडी कुठं दिसत नव्हती आणि हाकही कुणी मारली नव्हती. मी वैतागले. "मामी, काय होतंय तुम्हाला? बसा ना जरा."

"कुसुम, आत्ता मला कुनी हाक मारली तर म्या काय म्हन्ते?"

"पाणी सांडंल, थांबा."

"मंग घडीभर का हुईना, थांबतेत. त्या मशीनवर म्या काय म्हनू?"

"तिथं काही सांडतच नाही, मामी."

"त्येच म्हन्ते म्या." त्या आता उभ्याच राहिल्या. "सांडत न्हाई म्हनल्यावर मला कोन बसू दील? ह्या डब्यापायी निदान दोन मिन्टं तरी मिळतेत. तिथं तर म्हनतील, ठिव आन ऊठ. काय बिघडतंय तुझं?"

मी दहावी पास, त्या चौथी नापास. पण क्लासमधल्या एवढ्या शिकलेल्या माणसांना जे दिसलं नाही ते त्यांना दिसलं होतं. त्यांना उठायची सोय नको होती. उठायची सोय त्यांना जन्मभर होतीच.

घरी आल्यावर वाद झाला. बन्सीधर चिडले. मार्चमध्ये त्यांची पुण्याला परीक्षा होती, घरी कॉम्प्युटर आला तर सराव झाला असता. ते त्यांच्या जागी चुकीचे नव्हते, पण गरज स्वतःची आणि नाव आईचं, हे मला आवडलं नाही.

"तुझ्यासाठीच करायलोय ना समदं! खामखा हट्ट करायलीस."

"तुला पायजे तर तुला आन," मामी म्हणाल्या. "माझं नाव लावू नको. आन ह्यो न्यायच्या आदी मला एक बैठक द्या. पहिल्यापासून नवव्यापोतर. मधी कुनी हाक मारायची न्हाई."

मामा बाजेवरून म्हणाले, "बस की मंग. कोन नको म्हनलंय तुला?"

ते चेष्टा करत नव्हते. आपण कधी तिला उठवलंय, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

संक्रांत झाली. त्याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय आला आणि पुढचे काही दिवस सगळीकडं धाकधूक होती. गाड्या सुटल्या तर सुटल्या. क्लास बंद, बन्सीधर घरी, त्यामुळं चहाच्या फेऱ्या दुप्पट. दिनकरराव रविवारी जीप घेऊन येणार होते. सोमवारी मामी बसल्या, तर तिसऱ्या टप्प्याला लाईट गेली. मंगळवारी वाणाला बायका आल्या. बुधवारी मामांचं पोट दुखलं आणि ओवा मामींनीच द्यायला पाहिजे होता; माझ्या हातचा चालला नसता. गुरुवारी पुन्हा लाईट. शुक्रवारी सहाव्या टप्प्यावर म्हशीनं दावं तोडलं. मामींच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मलाही भाकरी गोल जमेना.

शनिवारी लाईट बारा वाजता आली. त्या आठवड्यात ती तीनपर्यंत राहत होती. एक वाजता मामींनी जेवणं उरकवली, म्हशीला पाणी दाखवलं, मग कमरेचा जुडगा सोडला आणि माझ्या हातात दिला. दीड वर्षात पहिल्यांदा. "कुनी काई मागितलं तर तू दे," म्हणाल्या आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

मी उंबऱ्याशी तुरीची डाळ निवडत बसले. निवडत कसली, नुसती सूपभर इकडून तिकडं करत होते. दर टप्पा संपला की आतून एक बारीक सनईसारखी धून यायची, तिच्यावरून मला कळायचं. एक धून. दुसरी. मामांनी बाजेवरून हाक मारली, "बन्सीची माय, चष्मा कुठंय?" मी पळत जाऊन दिला. तिसरी धून. "बन्सीची माय, तंबाखू!" तीही दिली. मामा माझ्याकडं जरा चमकून बघायला लागले.

चौथ्या धुनेनंतर फाटकातून मामींचे थोरले भाऊ आत आले, ताडकळसचे व्यंकटी मामा. साठीच्या पुढचे, खोकल्यानं खंगलेले, हातात तिळाच्या लाडवांची पिशवी. परभणीला दवाखान्यात आले होते, म्हणून बहिणीला बघायला आले. अडीचची गाडी धरून माघारी जायचं होतं, नंतरच्या गाडीचा भरवसा नव्हता. मामी त्या भाऊबीजेला माहेरी गेल्या नव्हत्या. मामांना ताप होता.

दुसरं कुणीही चाललं असतं, पण भाऊ!

"बन्सीची माय!" मामांनी आवाज दिला. "व्यंकटी आलाय!"

आत काही हालचाल नाही. मामांनी पुन्हा हाक मारली. मग उठले आणि दाराकडं यायला लागले. मी उभी राहिले. डोक्यावरचा पदर सावरला आणि दारातच थांबले. सासऱ्यापुढं मान वर करून मी तोवर कधी बोलले नव्हते.

"मामा, पाणी सांडंल," मी म्हणाले. "थांबा."

मामा थांबले. मला वाटतं, मी बोलले याचाच त्यांना एवढा धक्का बसला की पाय उचलायचं ते विसरले.

"काय करायलीय ती?" व्यंकटी मामांनी विचारलं.

"कामात आहेत."

"कामात हाय तर ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले आणि बाजेवर टेकले. मी चहा ठेवला, साखर स्वतःच्या हातानं काढली. पाचवी धून झाली, सहावी झाली. शेवटी राहवलं नाही म्हणून दार ढकलून आत गेले. मामी मांडी घालून बसलेल्या, घामानं कपाळ ओलं, तीन जिवांतला एक शिल्लक.

"मामी, ताडकळसचे मामा आलेत," मी हळूच म्हणाले.

"म्हाईत हाय. खोकला ऐकला."

"आत बोलवू?"

"नको." त्यांनी मान वळवली नाही. "त्यो आत आला तर म्या उठंन."

मी बाहेर आले आणि दार पुन्हा लोटून घेतलं. सव्वादोनला व्यंकटी मामा उठले. लाडवांची पिशवी माझ्या हातात दिली. "उठवू नको तिला," म्हणाले, "म्या यीन पुन्ना." खोकत खोकत फाट्याकडं गेले. मी त्यांना थांबा म्हटलं नाही. मी पुन्हा डाळीत बोटं घातली.

आठवी धून झाली तेव्हा मी आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. नववा टप्पा. माकडं चारी बाजूंनी, पायऱ्या एकेक करून ढासळत होत्या. मामींचा श्वास ऐकू येत होता. बुटका माणूस शेवटच्या पायरीवर चढला. एका घागरीत तळाला थोडंसं पाणी. बंद दार उघडलं, माणूस आत गेला आणि पडदा पांढरा झाला. त्यावर कसलीशी अक्षरं आली, इंग्रजी नव्हती, मला वाचता आली नाहीत. मग ती गेली आणि बुटका माणूस पुन्हा डोंगराच्या पायथ्याशी उभा होता. खांद्यावर कावड, दोन्ही घागरी काठोकाठ भरलेल्या.

"आत काय होतं, मामी?"

"काय न्हाई." त्या पडद्याकडं बघत होत्या. "पानी ठिवून घेतलं आन पुन्ना पाठवलं."

मला रडू आलं. एवढ्यासाठी भाऊ दारातून गेला? मामींनी मात्र हात लांब करून डब्याचं बटन बंद केलं. लाईट होती, हाक नव्हती, म्हैस शांत होती. टीव्ही काळा झाला तरी त्या मांडी घालून तशाच बसून राहिल्या. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मग आपल्या आपण उठल्या आणि बाहेर आल्या.

बाज रिकामी होती.

"गेला?"

"गेले. अडीचच्या गाडीनं." मी म्हणाले, "मी थांबवायला पाहिजे होतं त्यांना."

त्या बाजेवर बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायच्याही भानगडीत पडल्या नाहीत. "लय वंगाळ वाटायलंय, कुसुम. पर उठले आसते तर त्येच्याहून वंगाळ वाटलं आसतं." मग म्हणाल्या, "आजवर म्या समद्यायची वाट बघितली. आज पहिल्यांदा कुनीतरी माझी वाट बघून गेलं."

रविवारी दहाच्या सुमाराला दिनकररावांची जीप आली. टीव्ही गेम खोक्यात बांधला गेला आणि कॉम्प्युटर दोघांनी उचलून आत आणला. गावातली निम्मी माणसं अंगणात जमली. मामांना एकदम उत्साह आला.

"बन्सीची माय! कुंकू आन, मशीनला लावायला!"

उत्तर आलं नाही. मामांनी पुन्हा हाक मारली, मग आणखी एकदा, मोठ्यानं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले.

"मामी सकाळी सातच्या गाडीनं गेल्या," मी सांगितलं. "परभणीवरून पुढं ताडकळसला."

"कुनाला इचारून?"

"कुणालाच नाही."

"आन येनार कवा?"

"भावाशी बोलणं पुरं झालं की येते, म्हणाल्या."

मामांनी जमलेल्या माणसांकडं बघितलं. मग स्वतःच देवघरात कुंकू शोधायला गेले.